चादरीची किंमत यंत्राला कशी कळते?

सोलापुरातल्या एखाद्या चादरीच्या दुकानाचं संकेतस्थळ उघडलं तर साधारण असा मजकूर दिसतो: "अस्सल जेकार्ड चादर, सिंगल बेड रु. ६५०, डबल बेड रु. ९५०. दुकान सकाळी १० ते रात्री ९. सोमवारी बंद. जुन्या ग्राहकांना १० टक्के सूट." आपण हे एका दमात वाचतो. ६५० म्हणजे रुपये, पहिले १० म्हणजे घड्याळातले, दुसरे १० सवलतीचे, हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. दुकानाच्या पाट्या वाचत वाचतच आपण लहानाचे मोठे झालो.

गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, याच पानावर येतो तेव्हा त्याच्या हाती अक्षरं, अंक आणि एचटीएमएलच्या (पान ज्या भाषेत लिहितात तिच्या) खुणा एवढंच पडतं. त्या खुणा सांगतात की हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, ही लिंक. शीर्षकातली चादर विकायला ठेवलेली आहे, की पान चादरीच्या धंद्यावरच्या बातमीचं आहे, हे त्या खुणांतून कळत नाही. मग क्रॉलर अंदाज बांधतो. हल्ली तो अंदाज बरेचदा बरोबरही येतो. पण शोधाच्या निकालात तुमच्या नावाखाली किंमत छापायची तर अंदाज पुरत नाही. उद्या ९५० च्या जागी वजनाचे ग्रॅम छापले गेले तर गिऱ्हाईक भांडायला तुमच्याकडे येणार, गूगलकडे नाही.

म्हणून पानातच, वाचणाऱ्याच्या डोळ्याआड, यंत्रासाठी वेगळी माहिती लिहून ठेवायची पद्धत आली. तिला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. वेबसाइटवाल्यांच्या तोंडी 'स्कीमा' हा शब्द जास्त असतो: "साइटला स्कीमा टाकलाय का?"

याचा एक नमुना तुम्ही रोज पाहता. व्हॉट्सॲपवर एखादी लिंक टाकली की खाली चौकटीत चित्र, शीर्षक आणि एखादी ओळ आपोआप येते. ती व्हॉट्सॲपने डोकं चालवून शोधलेली नसते. पान बनवणाऱ्याने आत लिहून ठेवलेलं असतं की हे शीर्षक, हे वर्णन, हे चित्र दाखवा. या पद्धतीचं नाव ओपन ग्राफ. फेसबुकने ती २०१० मध्ये आणली आणि पुढे बाकीच्यांनीही उचलली. काही लिंकांना चौकट येत नाही, किंवा चादरीच्या जागी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीचाच लोगो येतो. तिथे हे रकाने रिकामे तरी राहिलेले असतात, नाहीतर टेम्प्लेटबरोबर आले तसेच पडून असतात.

रकान्यांचा करार

स्टेशनवर हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढायला खिडकीशी गेलात तर बाबूला तुमची हकिगत नको असते. त्याला रिझर्वेशनचा फॉर्म हवा असतो. नाव या रकान्यात, वय त्या रकान्यात, गाडीचा नंबर इथे, तारीख तिथे. रांगेत तुमच्या पुढचा घरी कन्नड बोलत असेल, मागचा तेलुगू, त्याच्या मागचा उर्दू. फॉर्म सगळ्यांना एकच, आणि म्हणून रांग पुढे सरकते.

वेबसाठी असा एक सामाईक फॉर्म ठरायला बराच काळ गेला. नव्वदच्या दशकात पानाच्या डोक्यावर 'कीवर्ड्स' लिहायची सोय होती. लोकांनी तिथे वाटेल ते कोंबलं. पान चादरीचं आणि कीवर्ड्समध्ये सिनेनट्यांची नावं. शेवटी गूगलने २००९ मध्ये जाहीरच केलं की क्रमवारी लावताना आम्ही हे कीवर्ड्स बघत नाही. दरम्यान वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये 'सिमँटिक वेब'ची कल्पना मांडली होती. यंत्रांनाही अर्थ कळेल असं जाळं, असं ते स्वप्न. स्वप्न भव्य होतं आणि ते प्रत्यक्षात आणायची साधनं सामान्य वेबवाल्याला झेपणारी नव्हती. मग २००५ च्या सुमारास मायक्रोफॉरमॅट्स आले, २००८ मध्ये आरडीएफए, पाठोपाठ एचटीएमएल ५ बरोबर मायक्रोडेटा. पानात यंत्रासाठी अर्थाच्या खुणा घालायचे हे तीन मार्ग, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. वेबवाले वैतागले.

गाडी रुळावर आली ती जून २०११ मध्ये. गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि याहू या एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हे सामाईक फॉर्मांचं संकेतस्थळ सुरू केलं. काही महिन्यांत रशियातलं यांडेक्सही त्यात आलं. यात परोपकार शोधू नका. प्रत्येकाने आपापला फॉर्म काढला असता तर दुकानदाराने एकही भरला नसता, हे त्यांना कळून चुकलं होतं. आज तिथे व्यक्ती, जागा, कार्यक्रम, वस्तू, संस्था, लेख, पाककृती असे ८०० च्या वर प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे रकाने ठरलेले आहेत. प्रकार एकाच्या पोटात एक असे बसवलेले आहेत. 'दुकान' हा 'स्थानिक व्यवसाया'चा पोटप्रकार. स्थानिक व्यवसाय ही एकाच वेळी संस्थाही आहे आणि जागाही. म्हणून दुकानाला संस्थेचे रकाने आपोआप मिळतात (नाव, लोगो, फोन) आणि जागेचेही (पत्ता, नकाशावरचा बिंदू).

आपल्या चादरीचा भरलेला फॉर्म मराठीत मांडला तर असा दिसेल:

प्रकार: वस्तू
नाव: जेकार्ड चादर, डबल बेड
विक्रीची किंमत: ९५०.००
चलन: आयएनआर
उपलब्धता: साठ्यात आहे
विक्रेता: (दुकानाचा स्वतंत्र फॉर्म, त्याच्या ओळखक्रमांकासह)

प्रत्यक्षात रकान्यांची नावं इंग्रजीत असतात आणि ती बदलता येत नाहीत. रकान्यात काय लिहायचं ते मात्र मराठीत चालतं. चादरीचं नाव इंग्रजीत लिहिलं नाही तर गूगलला कळणार नाही, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

तीन तुकड्यांची वाक्यं

फॉर्म भरला म्हणजे आत नेमकं काय झालं? यंत्राच्या लेखी त्याची छोटी छोटी वाक्यं झाली, प्रत्येकी तीन तुकड्यांची: कोण, कोणतं नातं, काय. 'ही चादर – किंमत – ९५०.' 'हे दुकान – शहर – सोलापूर.' या विषयातले लोक याला ट्रिपल म्हणतात. सगळी इमारत या विटेची आहे.

एकटं ट्रिपल निरुपयोगी वाटतं. दोन जोडली की गंमत सुरू होते. समजा एका पानावर आहे: 'एम. एफ. हुसेन – जन्मस्थान – पंढरपूर.' दुसऱ्या कुठल्यातरी पानावर, चित्रकलेशी काडीचा संबंध नसलेल्या: 'पंढरपूर – जिल्हा – सोलापूर.' तिसरीकडे: 'एम. एफ. हुसेन – व्यवसाय – चित्रकार.' आता कुणी विचारलं, सोलापूर जिल्ह्यात जन्मलेले चित्रकार कोण, तर यंत्र हुसेन यांचं नाव देऊ शकतं. असं आख्खं वाक्य कुठल्याच पानावर लिहिलेलं नसलं तरी. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंही तसंच. ते १९१० मध्ये सोलापुरात जन्मले आणि १९४२ मध्ये चीनमध्ये वारले. चिनी पानांवर त्यांचं नाव चिनी लिपीत असतं, मराठी पानांवर देवनागरीत. दोन्हीकडून एकाच ओळखक्रमांकाकडे बोट दाखवलं असेल तर ही दोन नावं एकाच माणसाची आहेत हे यंत्राला कळायला भाषांतर लागत नाही.

हा ओळखक्रमांक फार कळीचा आहे. 'सोलापूर' असं नुसतं लिहिलं तर ते शहर, जिल्हा, लोकसभा मतदारसंघ किंवा रेल्वे स्टेशन यांपैकी काहीही असू शकतं. जुन्या कागदांत त्याचं स्पेलिंग 'शोलापूर' होतं, ते वेगळंच. म्हणून शब्दाऐवजी त्या गोष्टीचा स्वतःचा वेबवरचा पत्ता द्यायचा, तोच तिचा ओळखक्रमांक. असे पत्ते देणारं मोठं कोठार म्हणजे विकिडेटा. विकिपीडियाचंच हे भावंड २०१२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, आणि तिथे शहर सोलापूर वेगळं, जिल्हा सोलापूर वेगळा. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने आपला नॉलेज ग्राफ आणला. एखाद्या प्रसिद्ध माणसाचं नाव शोधलं की बाजूला फोटो, जन्मतारीख आणि गावाची जी चौकट येते, ती तिथून येते.

मराठी पानाला याची गरज जास्त का

मराठी पानाच्या बाबतीत यंत्राचा अंदाज चुकायला वाव जास्त असतो. कारण आपली नावं वाक्यात शिरताना रूप बदलतात. सोलापूर, सोलापुरात, सोलापूरहून, सोलापुरी, सोलापूरकर. आपल्याला ही सगळी एकाच घरातली माणसं वाटतात. साध्या यंत्राला हे पाच वेगवेगळे शब्द दिसतात. रकान्यात मूळ रूप एकदाच लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही. वाक्यात हवी ती विभक्ती लावा.

दुसरी अडचण अंकांची. पानावर 'रु. १,२५०' असं देवनागरीत सुबक दिसतं. किंमतीच्या रकान्याबद्दल मात्र स्कीमा डॉट ऑर्गची सूचना स्पष्ट आहे: अंक इंग्रजी वळणाचे, ० ते ९ या साध्या अंकांतले हवेत, दशांशासाठी टिंब, आणि हजार-लाख तोडायला स्वल्पविराम घालायचा नाही. रुपयाचं चिन्हही तिथे नको, चलनाला स्वतंत्र रकाना आहे. म्हणजे दिसणाऱ्या पानावर खुशाल देवनागरी अंक ठेवा, आतल्या फॉर्ममध्ये सरळ इंग्रजी आकडा. यात मराठीचा काही अपमान नाही. आतला आकडा माणसाने वाचायचाच नसतो.

तारखांचा घोळ याहून मोठा. पंढरपुरातल्या एखाद्या मठाने आपल्या पानावर लिहिलं, "आषाढी एकादशीला सायंकाळी ५ वाजता कीर्तन." वारकऱ्याला एवढं पुरे. यंत्राला तिथीवरून दिवस काढता येईलच असं नाही, कारण तो दरवर्षी हलतो. २०२४ मध्ये आषाढी १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. आणि नुसतं '६/७' लिहिलं तर अमेरिकी रीतीने तो ७ जून होतो. म्हणून रकान्यात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०७-०६. वेळेपुढे आपल्या घड्याळाचा फरक, साडेपाच तास पुढे, तोही जोडायचा. तो राहिला तर परदेशातल्या भक्ताच्या कॅलेंडरात कीर्तन भलत्याच वेळी लागतं. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचं त्या मानाने सोपं. ती संक्रांतीला भरते, आणि संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. तरी वर्ष लिहायला विसरू नये.

बातम्यांच्या पानावर प्रसिद्धीची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख असे दोन वेगळे रकाने असतात. "उजनी धरण शंभर टक्के भरलं" ही बातमी चांगल्या पावसाच्या वर्षी येतेच, आणि भलत्याच वर्षी फॉरवर्ड होऊन पुन्हा फिरते. तारखेचे रकाने नीट भरलेल्या पानाचं वय यंत्र तरी ओळखतं. फॉरवर्ड करणाऱ्या काकांचं काय करायचं, त्यावर स्कीमा डॉट ऑर्गकडे अजून रकाना नाही.

लिहायचं कुठे

आज तीन पद्धती चालतात. मायक्रोडेटा आणि आरडीएफए यांत दिसणाऱ्या मजकुरालाच आतून खुणा जोडतात. पानावर जिथे ९५० लिहिलंय, तिथेच त्या आकड्याच्या टॅगमध्ये (एचटीएमएलच्या खुणेत) 'ही किंमत' अशी नोंद होते. तिसरी पद्धत जेसन-एलडी. तिच्यात सगळा फॉर्म पानाच्या एका कोपऱ्यात, स्क्रिप्टच्या टॅगमध्ये, एकगठ्ठा लिहितात. ब्राउझर तो दाखवत नाही आणि चालवतही नाही. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जेसन-एलडीला २०१४ मध्ये मान्यता दिली, २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. गूगल तिघीही वाचतं आणि शिफारस जेसन-एलडीची करतं.

सोयीची तीच आहे, यात वाद नाही. पानाची मांडणी बदलली तरी फॉर्मला धक्का लागत नाही. पण तिची खोडही तिथेच आहे. मायक्रोडेटात एकच ९५० असतो. जेसन-एलडीत दोन होतात, एक दिसणारा, एक लपलेला. सुताचे भाव चढले, मालकाने पानावर १,०५० केलं, आतला ९५० तसाच राहिला. शोधात गिऱ्हाइकाला जुना भाव दिसतो आणि दुकानात तंटा होतो. उपाय एकच: दोन्ही आकडे एकाच डेटाबेसमधून आपोआप आले पाहिजेत. हाताने दोनदा लिहायची पद्धत ठेवली तर केव्हातरी चुकणारच. वर्डप्रेसचे प्लगइन (साइटला जोडायचे तयार प्रोग्रॅम) आणि तयार ऑनलाइन दुकानांची टेम्प्लेट्स बहुधा दोन्ही आकडे असे एकाच जागेतून घेतात. म्हणून नवा स्कीमा विकत घेण्याआधी पानाचा सोर्स, म्हणजे आतला कोड, उघडून आत आधीच काय आहे ते पाहावं. दोन प्लगइन एकाच चादरीचे दोन फॉर्म भरतात आणि दोघांत किंमत वेगळी, असंही होतं.

काय मिळतं, काय नाही

मिळतं ते असं. शोधाच्या निकालात तुमच्या दुव्याखाली किंमत, साठा, कार्यक्रमाची तारीख दिसू शकते. गूगल याला रिच रिझल्ट म्हणतं. या वाक्यातला 'शकते' महत्त्वाचा. दाखवायचं की नाही हे गूगल ठरवतं आणि मत बदलतं. प्रश्नोत्तरांचे फॉर्म भरले की निकालाखाली प्रश्न उलगडायचे. लोकांनी नको तिथे प्रश्नोत्तरं लावली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइट्सपुरती आवळली. स्वतःच्या दुकानाला स्वतःच्याच पानावर पाच तारे देण्याची हौसही २०१९ पासून फळत नाही. स्थानिक व्यवसायाने आपल्याबद्दलचे रिव्ह्यू आपल्याच साइटवर मांडले तर त्यांचे तारे दाखवले जात नाहीत. हे मला योग्य वाटतं.

नुसत्या स्कीमाने पान पहिल्या नंबरवर जात नाही. गूगल स्वतः असं आश्वासन देत नाही. "स्कीमा पॅकेज घ्या, पहिल्या पानावर आणतो" असं सांगत फोन करणारे ते देतात. त्यांना एवढंच विचारा, पानावर दिसत नाही असं काही आत लिहिणार का? उत्तर 'हो' आलं तर फोन ठेवा. न दिसणारी किंवा खोटी माहिती भरणाऱ्या साइटवर गूगलमधली माणसं हाताने कारवाई करतात, आणि मग खरी माहितीही रिच रिझल्टमध्ये येईनाशी होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेल्या चादरीच्या फॉर्ममध्ये 'सोलापुरी' लिहिलं तर यंत्र ते गुमान वाचेल. खरं-खोटं तपासायचं काम फॉर्म करत नाही.

लहान दुकानाला माझ्या मते दोनच गोष्टी पुरतात. लिंक शेअर करताना दिसणारे ओपन ग्राफचे रकाने आणि दुकानाचा एक नीट फॉर्म: नाव, पत्ता, ४१३००१ सारखा पिनकोड, देशाच्या कोडसह फोन, वारांनुसार वेळा, नकाशावरचा बिंदू. ऑनलाइन विक्री असेल तरच वस्तूंचे फॉर्म. बाकीचं पैसे आणि वेळ असतील त्यांनी करावं.

भरून झालं की तपासायला दोन फुकट साधनं आहेत. गूगलची रिच रिझल्ट चाचणी सांगते की हे पान रिच रिझल्टला पात्र आहे का. स्कीमा डॉट ऑर्गचा व्हॅलिडेटर रकाने नियमात बसतात का ते बघतो. दोन्ही रचना तपासतात, मजकूर नाही. उदाहरणार्थ, सोलापूर साधारण १७.६७ अक्षांश आणि ७५.९ रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटसुलट पडणं ही नेहमीची चूक. तशी ती झाली तर व्हॅलिडेटर हिरवा कौल देईल, कारण ७५.९ हा अक्षांश म्हणून पूर्ण वैध आहे, आणि चादरीचं दुकान नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डजवळच्या समुद्रात जाऊन पडेल. त्यामुळे हिरवा कौल मिळाल्यावरही ते आकडे नकाशात टाकून बघा. किंमत, फोन आणि सुट्टीचा वार दुकानात बसणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. बदल केल्यावर क्रॉलर पुन्हा फिरकेपर्यंत काही दिवस जुनीच माहिती दिसत राहते, तेवढ्यात वेबसाइटवाल्याशी भांडण काढू नका.